रोप मोकळा!

४ जानेवारी, सोमवार
लेकीच्या शाळेची रविवारी सहल. कड्यावरून दोराने उतरायचं, सोबत एक पालक. लेक घाबरली आहे. बाबा आधी उतरला तरच मी उतरेन म्हणाली. मी म्हणालो, कॉलेजात असे कडे खूप उतरलोय. (हॉस्टेलच्या पहिल्या मजल्यावरून एकदा पाइप धरून उतरलो होतो. तत्त्व तेच.) बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिचा विश्वास बसायला वेळ लागतो. लग्नाला सोळाच वर्षं झालीत.

६ जानेवारी
रोज पाचला उठून व्यायाम. उद्यापासून. आज व्हिडिओ पाहिले. पाय कड्याला टेकवून अंग मागे झोकून द्यायचं, बस्स. स्टुलावर सराव केला. स्टूल तकलादू निघालं.

९ जानेवारी
लेकीला तासभर मार्गदर्शन. दोरावर भरवसा ठेवावा, खाली बघू नये, भीती मनात असते. तिने वहीत लिहून घेतलं.

१० जानेवारी, दुपारी ४, बसमध्ये
इथला नियम असा: खाली पोचलेल्याने दोरातून सुटून ‘रोप मोकळा!’ अशी हाळी द्यायची, मगच वरच्याने उतरायचं. पहिला नंबर माझा. कडा फोटोत बुटका होता. माझ्या बुटाची नाडी सुटली. मग दुसऱ्या बुटाची. इन्स्ट्रक्टर म्हणाला, काका, रांग खोळंबलीय. मी लेकीला म्हणालो, तू हो पुढे, मी वरून लक्ष ठेवतो. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग काहीतरी पुटपुटत उतरली. खाली एकदाही बघितलं नाही.
खालून हाळी आली, रोप मोकळा. मी पाणी प्यायलो. पुन्हा हाळी. इन्स्ट्रक्टर हुक घेऊन उभा. तिसऱ्या वेळी तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी गुडघा धरून खाली बसलो.
मागच्या पायवाटेने खाली गेलो. पायवाटही तशी अवघडच आहे.

त्याच दिवशी, जेवणानंतर
बायकोने विचारलं, कसा उतरला बाबा? मी गुडघ्याचं सांगणार, तेवढ्यात लेक म्हणाली, एकदम भारी, सगळ्यांच्या आधी. बायकोने कौतुकाने मला आणखी वाढलं. मी तेही संपवलं. इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

११ जानेवारी
लेकीला सॉरी म्हणायचं, अगदी स्पष्ट शब्दांत. वाक्य पाठ करून तिला दारात गाठलं. तीच आधी बोलली. पुढच्या महिन्यात याहून मोठा कडा आहे, तू ऑफिसात काम आहे म्हण, आईला मी सांभाळते. माझ्या पाठीवर थोपटलं आणि शाळेला निघाली.
मी तिला म्हणालो, हो, काम आहेच.