दुपारी मान टाकली तर

प्रिय ताई,

तुझं निळ्या गुच्छांचं हायड्रेंजिया टवटवीत आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. तू गेल्यावर पहिल्याच कडक उन्हात त्याची सगळी पानं मलूल होऊन खाली लोंबली. मी झारी भरून धावणार, तोच तुझं ओरडणं आठवलं, "दुपारी पाणी घालशील तर याद राख! भर उन्हात उभं केलं तर तूही मान टाकशील. संध्याकाळी आपसूक उठतं ते. सकाळीही पडलेलं दिसलं, तरच खरं तहानलेलं समज." जीव मुठीत धरून बसलो. दिवेलागणीला पानं ताठ!

त्याआधीची दोन झाडं मी पाणी घालघालून कुजवली होती, आठवतं? मातीत बोट घालून बघावं, ओल लागली तर गप्प बसावं, एवढं साधं मला जमत नव्हतं. बाबा शिलाई मशीन थांबवून म्हणायचे, "या झारीबुवाला झाडं घाबरतात गं. तहान लागली तरी सांगत नाहीत." तू पायरीवर पोट धरून हसायचीस आणि आई आतून विचारायची, एवढं झालं तरी काय.

आई गेल्यानंतर कामावर परतताना तू मला दटावलंस, "बाबा दुपारी गप्प झाले की लगेच मला बोलावत बसू नकोस. दुपार जड जाते त्यांना." खरंच होतं ते. दुपारी कात्री बाजूला ठेवून भिंतीकडे बघत बसायचे, पण संध्याकाळी चहा पोटात गेला की गिऱ्हाइकांच्या पोटांच्या घेरावरून पुन्हा थट्टा सुरू. म्हणून काही कळवलं नाही. माझ्या घाबरटपणाचा मलाच भरवसा नाही, म्हणून आणखी थांबलो.

पण हल्ली मी रोज उजाडताच बघतोय. बाबा उठतात, मशीनपाशी जाऊन बसतात आणि तिच्यावर झाकलेलं कापडसुद्धा काढत नाहीत. काल त्यांच्या डोळ्यांदेखत मी ओल्या कुंडीत मुद्दाम झारीभर पाणी ओतलं. वाटलं, आता तरी झारीबुवा म्हणतील. पाणी खालून वाहत त्यांच्या पायांपर्यंत गेलं. त्यांनी पाय बाजूला घेतले, बस्स.

ताई, मी सकाळी बघितलं. आता तू ये.

तुझाच,
झारीबुवा