पाळकसाहेबांचा आवाज बसला

३ ऑगस्ट, रविवार
बसला! दीपकचा आवाज अखेर बसला — आणि तोही भर उपदेशात. कधीपासून घोगरा येत होता. मी म्हणत होते, दाखवून ये. तर म्हणे, प्रभू बघेल. आज 'विश्वास धरा' म्हणायला तोंड उघडलं आणि आतनं नुसती हवा! चर्चमधल्या मंडळीला वाटलं माईक गेला. शलमोनआबांनी उठून माईकला दोन थपडा मारल्या. माईक ठणठणीत होता.
माझ्या मनात पहिलं काय आलं? आज जेवण वेळेवर होणार! पाळकाची बायको म्हणून देवाला फार शोभते मी.

५ ऑगस्ट, मंगळवार
बारामतीला घशाच्या डॉक्टरांकडं. नळी घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठ. "काढू आणि तपासायला पाठवू. कसली आहे ते मग कळेल." 'कसली' म्हणण्याआधी डॉक्टर जरासे थांबले. ते थांबणं मी बरोबर ऐकलं.
परतीच्या एसटीत दीपक खिडकीकडं तोंड करून बसला. मी माझ्या पार्लरच्या गिऱ्हाइकांना फोन करून उद्याच्या भुवया रद्द केल्या. दुसरं काय करणार? देवाला म्हटलं, सगळ्या इंदापुरात एवढे वाचाळ पडलेत, तुला बंद करायला तुझाच भोंगा सापडला?

९ ऑगस्ट, शनिवार
ऑपरेशन झालं. बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. त्यामुळं समोर बसून मला व्हॉट्सॲप करतो. 'चहा मिळेल का? प्रभू तुला आशीर्वाद देवो.' चहासाठी आशीर्वाद! मी नुसता अंगठा पाठवला.
संध्याकाळी शलमोनआबा आले. मंडळीचे सगळ्यात जुने पंच. धीर द्यायला लागले — "बायबलातल्या जखऱ्याची बी वाचा गेली व्हती, पाळकीणबाई. आली की परत."
म्हटलं, आबा, ती त्याच्या म्हाताऱ्या बायकोला पोरगं झालं तेव्हा आली. मला नका त्यात घालू! आबांना चहाचा ठसका लागला.
मग मुद्द्यावर आले. बारामतीच्या पाळकांना उद्या जमत नाही. "तुमीच हुबं ऱ्हावा. शास्त्रपाठ वाचा, दोन शब्द बोला."
"आबा, मी उपदेशात झोपते."
"ठावं हाय. समद्यांना ठावं हाय."

१० ऑगस्ट, रविवार
उभी राहिले. वाचलं, आणि खरंच दोनच शब्द बोलले. मंडळी इतक्या लवकर सुटली की बाहेर कुणाला काय करावं सुचेना! दीपक पहिल्या बाकावर. नजर माझ्यावर खिळलेली. एवढं लक्ष लग्नातही दिलं नव्हतं.

१२ ऑगस्ट
दीपक प्रार्थनेला बसत नाही. सकाळी खुर्चीत बसतो, हात नुसते मांडीवर.

१४ ऑगस्ट, गुरुवार
रिपोर्ट आणायला दोघं गेलो. बारामती स्टँडवर उतरलो आणि दीपक पुढं चालेना. बाकावर बसला, मोबाईल काढला. 'मला प्रार्थना येत नाही. गाठ कळली तेव्हापासून. तू कर.'
दुसऱ्यांच्या मयतीला तासन् तास प्रार्थना करणारा माणूस! आधी राग आला. मग भीती वाटली, फार. कंडक्टर ओरडतोय, माणसं गाडीमागं धावतायत. त्याचा हात धरला आणि डोळे उघडे ठेवूनच म्हटलं — देवा, हा माणूस मला पाहिजे. उपदेश लांबवतो, मान्य. तरी पाहिजे. काय असेल ते आमच्याबरोबर आत येऊन ऐक, बाहेर थांबू नकोस. आमेन.
शेजारच्या लुगड्यातल्या आजी ऐकत होत्या. "तुजा द्येव कंचा ते ठावं न्हाय बाई, पर व्हईल चांगलं."
कॅन्सर नाही. साधी गाठ!
दवाखान्याच्या जिन्यात बसून मी हमसून हमसून रडले. वरनं येणारा माणूस 'सॉरी' म्हणून गेला. त्याला वाटलं असेल, कुणी गेलं.

१५ ऑगस्ट
तरी तो प्रार्थना करत नाही. हे कुठल्या डॉक्टरला दाखवायचं?

१७ ऑगस्ट, रविवार
तयारी काहीच नव्हती, म्हणून खरं तेच बोलले. म्हटलं, मी देवाशी भांडते. स्वयंपाक करताना, भुवया कोरताना, एसटी स्टँडवरसुद्धा. तो ऐकतो का? कधी वाटतं ऐकतो, कधी वाटतं भिंत आहे. पण भांडण आपण आपल्याच माणसाशी करतो. परक्याला कशाला बोलायला जाऊ?
शलमोनआबांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.
बाहेर सणसरच्या रंगूबाईंनी दंड धरला. तरणा मुलगा गेल्यापासून येतात, पण ओठ मिटून बसतात. म्हणाल्या, "म्या बी भांडू का त्याच्यासंगं?"
म्हटलं, भांडा की.
"लई शिव्या येत्यात मला."
म्हटलं, त्याला सगळ्या ठाऊक आहेत.
त्या हसल्या नाहीत. मान हलवून एसटीकडं गेल्या.
घरी दीपकचा मेसेज — 'ते भांडणाचं पुन्हा सांग.' भाकरी थापता थापता पुन्हा सांगितलं. भाकरी करपली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
गणपतीच्या तोंडावर पार्लरला उसंत नाही. दीपक तपासणीला एकटाच जाऊन आला. 'आवाजाला अजून विश्रांती सांगितली.' बिचारा!

३१ ऑगस्ट, रविवार
चौथा उपदेश. आज आबांनी मला घड्याळ दाखवलं — मला!! बोलतच सुटले होते.
रंगूबाईंनी प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हटली. सगळ्यात मोठ्यानं, दारातल्या माणसाला खडसावल्यासारखी.
दीपकचे हात जोडलेले होते. मी बघितलंच नाही असं दाखवलं. पुढची ओळ मात्र चुकले.

५ सप्टेंबर, शुक्रवार
तपासणीला या वेळी मी बरोबर गेले. डॉक्टरांना विचारलं, आणखी किती दिवस मुकं ठेवणार? ते गोंधळले. "अहो, बोलायला तर मी गेल्या वेळीच सांगितलं! माझ्याशी छान बोलले की."
मी दीपककडं बघितलं. तो चपलांकडं बघत होता.
"मला अजून ऐकायचं होतं गं," तो म्हणाला. म्हणाला! चांगला खणखणीत!
इंदापूर येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.