बाबांची गाडी विकायच्या आधी

४ नोव्हेंबर

दादाचा फोन. "तू तिथे आहेसच, तर गाडी नीट बघून घे आणि काढून टाक. अजून किती दिवस तो पांढरा हत्ती पोसायचा?" स्वतः तीन शहरं पलीकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, ही त्याची जुनी हौस!

पण चुकीचं काही बोलला नाही. बाबांना झटका आल्यापासून उजवा हात-पाय लुळा आहे, बोलणं बंद आहे. मधूनच फिट येते. डॉक्टरांनी बजावलंय — स्टिअरिंगला हात नाही, कधीच नाही. म्हणजे गाडी जानेवारीपासून शेडमध्ये नुसती उभी.

आणि गाडी गेली की घरही गेलं, हे दादा बोलत नाही. टेकडीवरच्या या दगडगोट्यांच्या वाटेनं दुसरं कुठलं वाहन वर येत नाही. ओढ्याला पाणी असलं की तर नाहीच. मग आईबाबा दादाच्या शहरात, त्याच्या फ्लॅटमध्ये, नवव्या मजल्यावर. आईला विचारलं, "जाशील?" तर म्हणाली, "चहा घे, निवतोय."

५ नोव्हेंबर

आज तपासणी. रोज लोकांच्या जुन्या गाड्या तपासणं हेच माझं पोट. "गाडी बघायला बाई पाठवली?" हेही रोजचंच. पण आपल्या बापाची गाडी तपासताना हात जड होतात. अठरा वर्षांची झाली. लेदर भेगाळलंय, छताची काच कुरकुरते, डॅशबोर्डवरचं लाकूड अजूनही ऐटीत! लहानपणी दार जोरात लावलं की बाबा ओरडायचे — "फ्रीज आहे का तो?" आई तर इतकी धास्तावलेली असायची की दार दोन्ही हातांनी लावायची.

कागदावर लिहायला घेतलं आणि काहीतरी खटकायला लागलं.

एवढे महिने उभी असलेली गाडी मागून खाली बसायला हवी — हिच्या सस्पेन्शनमध्ये हवेच्या पिशव्या असतात, उभ्या उभ्या गळतात. ही ताठ. ब्रेकच्या चकत्यांवर गंज हवा. चकचकीत! चढासाठीचा लो गिअर टाकून बघितला, लोण्यासारखा पडला. खाली वाकून बघितलं, तर चिखल. ओला.

आणि ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली, वर उचललेली. आरसाही खाली वळवलेला. बाबा सहा फुटी, ते असे कधीच बसायचे नाहीत. पण लुळ्या पायानं पेडल गाठायचं तर असंच बसावं लागेल.

बाबा गाडी चालवतायत.

माझी पाचावर धारण बसली. खालच्या वळणावर शाळेची मुलं चालत असतात.

६ नोव्हेंबर

गाडी तपासायला गेलं की आधी बॉनेटवर हात ठेवायचा, इंजिन थंड आहे ना ते बघायला. सवय आहे. सकाळी उठून शेडपर्यंत उतरले, हात ठेवला.

गरम.

*

वर आले तर बाबा खुर्चीत, अंगात कोट. आई चहा टाकत होती. शेड लांब आहे, माझी झोप कुंभकर्णाची. काही ऐकलं नाही मी.

बाबांसमोर बसले. "बाबा, गाडी बाहेर काढली होती?" त्यांनी आईकडे बघितलं. मग मान हलवली — हो.

मी ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये तशी ओरडले. "तुम्हाला फिट आली तर? एखादं पोर चाकाखाली आलं तर?" बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तरी मी थांबले नाही.

आई म्हणाली, "हे नाही चालवत गं."

"मग काय भूत चालवतं?"

ती हात पुसत राहिली. कोरडे झालेले हात पुसत राहिली. जन्मभर बाबांच्या चुकांवर पांघरूण घातलंय, हेही त्यातलंच. मी भिंतीवरची किल्ली काढून घेतली. दुसरी कुठाय विचारलं. "ती कधीच हरवली," म्हणाली.

दादाला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "ताबडतोब विक."

७ नोव्हेंबर

ओळखीच्या व्यापाऱ्याला फोन केला. आम्ही सगळे त्याला चष्मेवाला म्हणतो, कारण चष्मा कायम कपाळावर. शनिवारी सकाळी येतो म्हणाला.

मग स्वतः एक फेरी मारली. मूल्यमापन करायचं तर सगळं करायला हवं. ओढ्यातून नेली, मग वरच्या कड्याच्या वाटेनं. खडी निसटते तिथे चारही चाकांनी जमीन धरली आणि हळूहळू, जराही हिसका न देता चढली. उतरताना तर ब्रेकलाही हात लावावा लागला नाही, लो गिअरनंच धरून ठेवली. काचा-बटणं म्हातारी झालीत, पण हाडं शाबूत आहेत.

अशी गाडी मी गिऱ्हाइकाला डोळे झाकून घ्या म्हणाले असते. कागदावर खरं तेच लिहिलं. लिहून झाल्यावर रडले. गाडीसाठी कोण रडतं!

८ नोव्हेंबर

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. बाबा तर बोलूच शकत नाहीत, पण आईनंही मूग गिळलेत.

वाचा-उपचारवाल्या बाईंनी दिलेली चित्रं घेऊन बसले बाबांसमोर. मासा. छत्री. घर. ओठ हलतात, आवाज येत नाही. मग त्यांनी ती चित्रं पालथी घातली आणि शेडच्या दिशेला बघत बसले. जेवले नाहीत.

संध्याकाळी आई माझ्या खोलीत आली.

"गाडीत बसले की त्यांना बरं वाटतं."

"नुसतं बसून बरं वाटत असेल तर खुर्चीत बसव."

"एकदा तू येऊन बस मागे. बघ तरी."

"म्हणजे बाबा चालवणार आणि मी मागे बसणार? आई, तुला कळतंय का तू काय बोलतेयस?"

ती उंबऱ्यात थांबली. काहीतरी सांगणार होती. मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले. गेली.

मलाच गुन्हेगार केलंय सगळ्यांनी. दादा तिकडे सुखात. पण उद्या चष्मेवाला गाडी घेऊन गेला की निदान रस्त्यावरची पोरं तरी सुरक्षित. हेच घोकत झोपायचं.

९ नोव्हेंबर, सकाळ

गाडी जागेवर नाही.

किल्ली माझ्या उशाखाली आहे! बाबांची खुर्ची रिकामी. आई — आईही नाही. तिलाही घेऊन गेले! दुसरी किल्ली हरवली यावर मी विश्वास ठेवला, एरवी परक्या माणसाकडे दोन्ही किल्ल्या हातात घेतल्याशिवाय मी पुढे बोलत नाही.

फाटकापर्यंत पळत जाऊन आले. चाकांचे ठसे खाली नाही, वर गेलेत. कड्याकडे. दादाचा फोन लागत नाही. बूट सापडत नाहीयेत. हे कशाला लिहितेय? काहीतरी धरायला हवं म्हणून.

निघाले.

९ नोव्हेंबर, दुपार

चष्मेवाल्याला अर्ध्या वाटेतून परत पाठवलं.

कड्याच्या उतारावर गाठली गाडी. मुंगीच्या पावलानं खाली येत होती, खडी चाकांखालून निसटत होती. मी वाटेच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात हलवले. काच खाली होती. आतून आवाज आला — जाड, अडखळणारा, जानेवारीपासून न ऐकलेला.

"हळू... हळू... ब्रेक... नको."

स्टिअरिंगवर आई. जीभ दातांत धरलेली, नाक पार काचेला. बाबा शेजारी, डावा हात डॅशबोर्डवर.

"बाजूला हो!" आई माझ्यावर खेकसली. "ब्रेक नको म्हटलंय यांनी!"

म्हटलंय. बाबांनी. म्हटलंय!

मी बाजूला झाले.