रोहिणीचं औषध

१२ एप्रिल
'पूर्णेकरहो, साधी गाठ आली तरी नांदेडची गाडी धरावी लागणाऱ्या माणसांनो' — परवाच्या जयंतीच्या भाषणाची सुरुवात ठरली. विषय: रोहिणी. धाकट्या भावाची मुलगी, हैदराबादच्या प्रयोगशाळेत कॅन्सरवर, कसल्याशा पेप्टाइडचं काम करते. कमिटीच्या नागनाथला विचारलं, पेप्टाइड म्हणजे काय? "टॉनिक असंल, सर." यांच्या हाती व्याख्यानमाला!

१३ एप्रिल
रोहिणीला फोनवर तासभर पिडलं. पेप्टाइड ही अमिनो आम्लांची छोटी साखळी. रोगट पेशी बरोबर ओळखते, पण मारू शकत नाही. लहान रेणूचं औषध मारतं, पण आपलं-परकं बघत नाही. म्हणून दोघांना जोडायचं. जोड रक्तात टिकावा, पेशीत शिरल्यावरच तुटावा. किती देखणा विचार! आणि ही पोरगी म्हणते, "काका, हे फक्त काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर झालंय. औषध म्हणू नका." संशोधकांची ही भित्री भाषा — 'कदाचित', 'प्राथमिक', 'पुढील अभ्यास'. अशानं एक तरी सभा हलेल का?

१४ एप्रिल
हलवली. "औषध सापडलंय, आपल्या लेकीला सापडलंय" म्हणालो आणि अख्खं मैदान उभं राहिलं.
ताडकळसहून चांगुणाअक्का आली होती. माझी थोरली बहीण. छातीच्या कॅन्सरच्या गाठीसाठी नांदेडला केमोचे दोन डोस झालेत, चार राहिलेत. पदरानं डोळे पुसत होती.

२ मे
रोहिणीचा फोन. उंदराच्या रक्तात ठेवल्यावर जोड अर्ध्या तासात तुटला. म्हणजे पेशीपर्यंत पोचण्याआधीच विष अंगभर सुटणार. "आता दुसरा जोड शोधायचा. दोन वर्षं तरी जातील, काका." आवाजात दुःख नाही, उलट हुरूप. अजब जमात.
मी कुणाला सांगितलं नाही. नागनाथला काय सांगायचं, टॉनिक नासलं म्हणून?

९ मे
अक्काचा मुलगा सिद्धोधन दारात.
"मामा, आई डोसला जायना. दोन चुकले. म्हणायलीय, केस कशाला घालवू, रोहिणीचं औषध यायलंय की. भाऊ माईकवर बोललाय, खोटं बोलन व्हय?"
विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?
"गाठ वाढलीय."
पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यानं घेतला नाही.

१० मे, सकाळ
ऊठ, वक्त्या. ताडकळसची पहिली बस धर आणि अक्कासमोर एवढंच म्हण — मी खोटं बोललो, चल नांदेडला.