साडूंच्या पुढे, अर्ध्या चढापर्यंत

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे तूर्त तो मनातल्या मनातच घातला आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे माणसं. तुम्ही मला दिलेल्या क्वाड बाईकविषयी, म्हणजे तुमच्या त्या चार चाकांच्या टू-स्ट्रोक लाडकीविषयी, सविस्तर लिहितो. आधी बसून घ्या.

माझे साडू तुम्हाला ठाऊक आहेतच. त्यांनीही क्वाड घेतली, आपल्यासारखीच टू-स्ट्रोक, पण मोठ्या इंजिनाची. घेतली तर घेतली, पण सासऱ्यांकडे जेवताना सगळ्यांदेखत मला विचारलं, "काय हो, तुमचं ते डास मारायचं यंत्र अजून चालतं का?" सासरे हसले. (माझ्या विनोदाला ते लग्नापासून हसलेले नाहीत.) शब्दाने शब्द वाढला आणि पैज लागली. जुन्या खाणीचा चढ चढायचा, मागे राहील त्याने आपली गाडी विकून टाकायची. सौ.ने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण तोवर मी कबूल म्हणून मोकळा झालो होतो. जिच्यावर तुम्ही मला शिकवलंत, ती गाडी दुसऱ्याच्या दारात उभी राहणार या विचारानेच मला कसंतरी झालं.

साडूंचं इंजिन मोठं आणि माझा खिसा लहान, तेव्हा आहे त्याच इंजिनाची ताकद थोडक्या खर्चात वाढवायचं ठरवलं. आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटतो. (बंद इंजिनालाही लावतो. तेव्हा जास्त वेळ लावतो.) निदान झालं, "साहेब, हिचा श्वास कोंडलाय." मग श्वासासाठी मोकळा एअर फिल्टर घेतला, फुगीर पोटाचा सायलेन्सर कुणाच्या तरी मोडक्या गाडीवरून उतरवून आणला, चढासाठी पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, एका दाताने लहान केलं. दुकानदार म्हणाला, हवा वाढवलीत तर पेट्रोलही वाढवावं लागेल, कार्ब्युरेटरमध्ये मोठा जेट घाला. हा जेट म्हणजे मण्याएवढा पितळी तुकडा, त्याच्या भोकातून पेट्रोल जातं. अख्ख्या दुकानात त्याच्याइतकं स्वस्त काही नव्हतं. पण मामा, तो ना दिसतो, ना वाजतो, ना चमकतो. साडूंना दाखवायचं काय? त्याऐवजी मी हँडलला लाल ग्रिप घेतले. (आपल्या घराण्याची रीतच आहे ही. छप्पर गळत असताना आपण घराला पुढून रंग दिला होता, आठवतं ना?)

पैजेच्या दिवशी सगळं सासर घडीच्या खुर्च्या घेऊन खाणीवर हजर. मी गाडी चालू केली तेव्हा सासऱ्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. मेव्हणीने रुमाल खाली केला आणि मामा, मी पुढे गेलो! साडूंच्या पुढे! मागे वळून कुणाकडे तरी बघण्याची पाळी माझ्यावर जन्मात पहिल्यांदाच आली होती. इंजिन असं गात होतं की डोळ्यांत पाणी आलं. विझताना दिवा मोठा होतो, हे अशा वेळी कुणाला आठवतं? अर्ध्या चढावर ती एकदाच किंचाळली, मागची चाकं जागच्या जागी अडकली आणि मी झुडपात. पाठ तिथेच गेली. साडू शांतपणे वर पोचले आणि खाली येऊन त्यांनीच मला गाडीसकट दोरीने ओढत नेलं. डॉक्टरने इंजिन उघडलं, तर पेट्रोल कमी पडून पिस्टन तापलेला आणि सिलिंडरला घट्ट चिकटलेला. "जेट बदलायला हवा होता. मी म्हणणारच होतो," असं तो अशा सुरात म्हणाला की जणू मीच त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

पण खरी गंमत पुढेच आहे. घरात जो तो माझ्या अर्ध्या चढाचं कौतुक करतो, साडूंच्या पूर्ण चढाचं नावही कुणी काढत नाही. सासरे तर शेजाऱ्यांना हातवारे करून सांगतात. साडूंना ते झोंबलं. परवा आले, चहा न घेता म्हणाले, "पैज सोडा हो, गाडी ठेवा तुमच्याकडेच. फक्त काय काय बसवलं होतं तेवढं सांगा." गाडी वाचली, मामा! मी त्यांना मिठीच मारणार होतो, पाठीमुळे राहिलं.

तुमचा भाचा

ता. क. साडूंना फिल्टर सांगितला, सायलेन्सर सांगितला, स्प्रॉकेट सांगितलं. जेटचं सांगायचं राहून गेलं. गाडी मूळची तुमची, म्हणून ते खात्री करायला तुम्हाला फोन करतील. तेव्हा जेट हा शब्द तेवढा तोंडातून काढू नका. खरं म्हणजे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी सौ.ने पत्र वाचलं. ती म्हणते, जेटचं तिने बहिणीला कालच सांगून टाकलं. बहिणीने साडूंना सांगितलं. साडूंनी विचारलं, "बसवल्यावर बाहेरून दिसतो का?" तेव्हा मामा, फोन आला तर जेटविषयी हवं तेवढं खुशाल बोला.