पात्यांशिवाय एक पॉइंट आठ

२८ सप्टेंबर, रविवार
निश्चय. यंदा भात उफणायला चंद्रा सूप उचलणार नाही. डॉक्टर म्हणाले, उजवा खांदा पुन्हा धरला तर हात कायमचा वर जायचा नाही. म्हणून बायकोसाठी पंखा करणार. भंगारातून गाडीच्या रेडिएटरची मोटर आणली, पत्र्याची पाती कापून बसवली. खळ्यावर वीज नाही, म्हणजे बॅटरी हवी. खोपोलीच्या कारखान्यात बावीस वर्षं स्टोअरला होतो. हजारो विजेच्या मोटरी माझ्या सहीनं बाहेर गेल्या. मोटर मला कोणी शिकवू नये.

शेजारचा कोंडाजी म्हणाला, "मळणी झाली का सांग रं, ट्रॅक्टरचा पंखा आणतो." नको म्हटलं. जरा मोठ्यानंच.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज मोटर किती करंट खाते ते मोजायचं ठरलेलं. पण चंद्रानं पाती काढून, धुऊन, कोयत्या-विळ्यांबरोबर पाटावर पूजेला मांडली. वर हळदकुंकू. उद्या दसऱ्याची आरती होईतो हात लावायचा नाही म्हणाली. देवाधर्मात मी पडत नाही. नुसती मोटर फिरवून मोजली. १.८ अँपिअर! एवढी अल्पाहारी मोटर मी पाहिलेली नाही.
चंद्रानं विचारलं, "पात्यांबिगर मोजून चालंल का वो?" म्हटलं, वीज मोटर खाते, पाती नाही खात.

४ ऑक्टोबर
खोपोली. बॅटरीवाल्या रोहिदासनं विचारलं, "पंख्यासकट मोजलंत ना, काका?" मोजलंय म्हटलं. तसं खोटं नाही. तो गाडीची थोरली बॅटरी दाखवत होता. हे दुकानदार असेच. मी सात अँपिअर-अवरची घेतली. सात भागिले १.८, म्हणजे जवळजवळ चार तास. शिवाय एका हातात मावते.

५ ऑक्टोबर
ट्रायल. दोन मिनिटं. अंगणातला पालापाचोळा थेट कोंडाजीच्या ओटीवर. बॅटरी किंचित गरम लागली. ऑक्टोबर आहे, सगळंच गरम लागतं. चंद्रा म्हणाली, अजून जरा चालवून बघा. उगीच कशाला बॅटरी झिजवायची?

९ नोव्हेंबर, खळ्यावर
१०.४० पंखा सुरू. भुसा झकास उडतो. चंद्रा हसली. कोंडाजी बघायला हवा होता.
१०.४४ वेग जरा मंद. मीटर लावला. १४ दाखवतो. मीटर बिघडला.
१०.५० पंखा बंद. पाती हातानं फिरवून पाहिली. व्यर्थ.
११.३० कोंडाजीला फोन. ट्रॅक्टर घेऊन कशेळ्याला गेलाय, शुक्रवारपर्यंत तिकडेच. "तूच नको बोल्लास ना रं," म्हणाला. पळसदरीच्या अंगाला आभाळ भरलंय. रास उघडी आहे. शुक्रवारपर्यंत थांबता येत नाही.
१२.०० मी सूप घेतलं. दाणे, भुसा सगळं एकाच जागी पडलं.
१२.१५ चंद्रानं माझ्या हातून सूप काढून घेतलं. "तुमी वारा घाला," म्हणाली.

बॅटरीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून तीन तास वारा घातला. ती दर सुपाला उजवा हात डोक्यावर नेत होती. आधी ओठ दाबून. मग डोळे मिटून. मी आकडे आठवत होतो. पात्यांशिवाय १.८. पात्यांसकट १४. मीटर बिघडला नव्हता. बावीस वर्षं मी मोटरींच्या पावत्या फाडल्या, मोटर कधी चालवली नाही. हे इथं लिहिताना लाज वाटते. तिला बोललो नाही.
पाऊस आला नाही. आभाळ नुसतंच निघून गेलं.

१० नोव्हेंबर, सकाळी
चंद्राचा हात वेणीपर्यंत पोचेना. डॉक्टरकडे जायचंय. वेणी मी घातली. कामाचा आवाका आधी नीट पाहिला, तीन पेड, सारख्या जाडीचे, खाली घट्ट गाठ. पक्की बसली.
तिनं विचारलं, "मोजून घातलीत ना?"
फाटकाशी पोचेस्तोवर सुटली.