बंदुका ठाण्यात जमा होत्या तेव्हा

१२ नोव्हें., मंगळ.

सोनपेठला मंडळाची बैठक. बसायच्या आधी एकेकाची विचारपूस केली. महादेवअप्पा, गुडघा कसाय? तसाच म्हणाले, पायरी दिसली की रडतो. वसंतराव, सूनबाई मोकळी झाली का? झाली, मुलगी, दोघी खुशाल. नामदेवा, तुझा दमा? तो म्हणाला, "दमा बरा हाय आप्पा, डुकरं बरी न्हाईत." सगळे हसले.

मग कामाचं. आमचं मंडळ शेतराखणीच्या बंदुकांचे परवाने असणाऱ्यांचं. गाऱ्हाणं जुनंच. निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा करा, तेही उभ्या पिकात. डुकरांना आचारसंहिता नाही. शेतकऱ्याला सूट द्या, एवढंच मागणं. सेक्रेटरी वसंतरावांनी निवेदन वाचलं. चांगलं लिहिलंय. साहेब लोक त्यावर चहाचा कप ठेवतील.

माझी ठासणीची बंदूक मागच्या आठवड्यातच जमा केली. शिपायाने नावाची चिठ्ठी बांधून कोपऱ्यात उभी केली. तिथं सगळ्यांच्या उभ्या होत्या, दवाखान्यातल्या रांगेसारख्या.

१४ नोव्हें., गुरु.

बार नाही तर शिवार मुकं झालंय.

वडिलांपासूनची रीत. दिवेलागणीला नामदेवाचा बार, त्याला माझा जवाब, मग महादेवअप्पांचा. छर्रा नाही, नुसती बारूद. आम्ही लिंगाची पूजा करणारी माणसं, जीव मारायचा नाही. आवाजानं डुकरं नदीकडं वळतात. आणि गावालाही कळतं की राखण सुरू झाली, आता बांधावर कुणी फिरायचं नाही. तांबडं फुटलं की पुन्हा एक बार. वाट मोकळी.

आता बाराच्या जागी तेलाचा डबा वाजवायचा, असं नामदेवानं ठरवलं, घरोघर सांगूनही आला. लिंबाजीची कौसाबाई तुरीतनं जाता जाता म्हणाली, "आप्पा, सरकारनं बंदुका नेल्या, डबे तरी ठिवतील का?" लय हसवते बाई. शेळ्यांच्या चाऱ्याला रोज पहाटेच निघते.

१७ नोव्हें., रवि.

नामदेवाची अर्धी ज्वारी लोळवली. डब्याला डुकरं भीत नाहीत. उलट त्यांची करमणूक.

दुपारी त्याच्या बांधाला तार दिसली. मागं बघतो तर विजेच्या खांबावर टाकलेला आकडा. म्हटलं, नामदेवा, हे काय करायलायस? काढ आधी. म्हणाला, "चार दिस आप्पा. बंदूक मिळाली की तार काढतो. दिवसा बंदच असती." म्हटलं, तार माणूस ओळखत नाही. त्यानं तोंड फिरवलं. शेजार आहे, लेकरागत वाढवलाय त्याला. मीही जास्त ताणलं नाही.

१९ नोव्हें., मंगळ.

कौसाबाई गेली.

नामदेवाच्या बांधावरच. विळा हातात तसाच होता.

लिहवत नाही.

२० नोव्हें., बुध.

मातीला सगळा गाव. लिंबाजी रडत नाही, नुसता येणाऱ्याला पाणी विचारतो.

नामदेव मसणवाट्याच्या कडेला उभा. मला बाजूला घेतलं. म्हणाला, "डुकरं आत शिरली आप्पा. मी डबा वाजवला, हाकलाया. अंधारच हुता अजून. तिनं त्यो सकाळचा समजला. मोकळी वाट समजून आली ती." मी त्याचा हात धरला. वाट मोकळी सांगायचा आवाज आणि डुकरं हाकलायचा आवाज आम्ही एकच ठेवला. बंदूक होती तेव्हा असं कधी झालं नाही, कारण तांबडं फुटेपर्यंत दुसरा बार भरायचाच नाही असा कायदा होता. डब्याला कुणी कायदा घातला नाही.

२१ नोव्हें., गुरु.

पंचनाम्याला पोलीस आले त्याच्या आधीच आकडा खांबावरनं गायब. तार मात्र होती. वसंतराव सगळ्यांच्या पुढं. म्हणाले, शिकाऱ्यांचं काम असणार, रात्री कुणीतरी तार लावून गेलं. नामदेव मान खाली घालून उभा.

मीही तिथंच होतो. मला कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

२३ नोव्हें., शनि.

नदीकडच्या पालावरचा शंकर पोलिसांनी नेला. त्याच्याकडं ससे धरायची जाळी सापडली म्हणे. ससे धरतो हे खरं. पण वीज त्याच्या पालात दिव्यापुरतीही नाही.

नामदेव गावात नाही. पाथरीला लेकीकडं गेला. फोन बंद.

सौ. विचारते, जेवत का नाही. पोट भरलंय म्हणालो. कशानं ते नाही सांगितलं.

२५ नोव्हें., सोम.

मंडळाची तातडीची बैठक. आज कुणी कुणाची तब्येत विचारली नाही.

मोर्चा काढायचा ठरतंय. पुढं कौसाबाईचा मोठा फोटो, खाली 'बंदुका असत्या तर ही माउली वाचली असती'. खोटं नाही ते. बंदूक हातात असती तर नामदेवानं तारेला हात लावला नसता, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. तीस वर्षं याच मागणीसाठी उन्हातान्हात बसलोय. पण खऱ्याच्या पदराखाली खोटं झाकायचं म्हणजे...

बैठक उठल्यावर वसंतरावांनी मला थांबवलं. शेजारी म्हणून तुमचा जबाब होणार, म्हणाले. काही पाहिलं नाही एवढंच सांगा. "आप्पा, सभासदाचं नाव आलं तं साहेब म्हणतील, हेच तुमचे शेतकरी. कुणाचीच बंदूक घरी यायची न्हाई." माणूस वाईट नाही. मंडळ त्यानं घरचं लेकरू म्हणून सांभाळलं. म्हणूनच त्याला काही दिसेनासं झालंय.

म्हटलं, आणि शंकर?

"सुटंल की. त्याच्याविरुद्ध हाय काय?"

काही नाही म्हणूनच लोक वर्षानुवर्षं आत बसतात. हे बोललो नाही.

२८ नोव्हें., गुरु.

लिंबाजी घरी आला. ओट्यावर बसला, खाटेवर बस म्हटलं तरी बसेना. मोर्च्यासाठी फोटो मागायला मंडळाची माणसं गेली होती. त्यानं दिला नाही. आधी जाब पाहिजे म्हणाला.

मग म्हणाला, "शंकर न्हवं त्यो. माझी बायकू मेली, त्याचा लेकराबाळाचा संसार कशाला मारायचा? तुमचं वावर लागून हाय आप्पा. मी तुमाला इचारत न्हाई. तुमी सांगताल तवा ऐकंन."

चहा न घेता गेला.

सौ. दारात उभी होती, सगळं ऐकलं. रात्रभर उपाशी राहिलेल्या माणसागत तिचा चेहरा. म्हणाली, "तिचा फोटू मिरवायला निघालाव अन तिला मारलं कशानं ते तुमीच झाकताव. पूजेला बसताना त्या लिंगाला काय सांगताव वो?"

बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं लागेल असं ती कधी बोलली नव्हती.

१ डिसें., रवि.

निकाल लागला, आचारसंहिता उठली. उद्यापासून बंदुका परत मिळणार. महादेवअप्पांचा निरोप, सोबत जाऊ, जीप सांगितलीय.

ठाण्यातूनही निरोप आला. बंदूक न्यायला याल तेव्हाच जबाब देऊन जा, एका फेरीत दोन कामं. शिपाई चांगुलपणानंच म्हणाला.

जीप नको म्हणून कळवलं. गुडघे नाही दुखत माझे. पण महादेवअप्पांच्या शेजारी बसून जायचं, त्यांना बंदुकीवर पाणी सोडायला लावणारा जबाब द्यायचा, आणि परत त्यांच्याच शेजारी बसून यायचं, हे होणार नाही.

२ डिसें., सोम.

गेलो नाही. तब्येतीचं कारण सांगितलं. महादेवअप्पा बंदूक घेऊन आले. दिवेलागणीला त्यांचा बार झाला. कुत्री भुंकली. पालाकडनं कुणीतरी बाईमाणूस रडल्यासारखं वाटलं. वाऱ्यानं असेल.

३ डिसें., मंगळ.

पाथरीच्या बसवाल्याकडं नामदेवाला चिठ्ठी दिली. लिहिलं ते इथं उतरून ठेवतो.

'चि. नामदेवास आप्पाचा आशीर्वाद. दमा कसा आहे? थंडी वाढली, कान बांधत जा. तुझ्या उरलेल्या ज्वारीला मी पाणी दिलं, काळजी नको. शंकर अजून आतच आहे. लिंबाजीला मी काही बोललो नाही. तुझ्या तोंडचं मी आधी बोललो तर तुझं काहीच उरणार नाही, म्हणून थांबलोय. तू आलास तर ठाण्यात तुझ्या शेजारी मी उभा राहीन. त्यानंतर जमानतीलाही मीच, आणि लिंबाजीच्या पायाशीही तुझ्यासोबत मीच बसेन. तू आला नाहीस तर मी एकटा जाईन. मंडळाचं जे व्हायचं ते होवो, बंदुका राहोत न राहोत. फार दिवस मला थांबवणार नाही, बाबा. येतोस की नाही, दोन अक्षरं का होईना, लौकर लिहून पाठव.'

बसवाला उद्या दुपारी परत येईल.